बीप करणाऱ्या स्मोक अलार्मच्या नावाखाली १७१७ डॉलर उकळले, न्यू जर्सीतल्यांनी जरूर वाचा

१७१७ डॉलर. सात अलार्म प्रत्येकी १८९ म्हणजे १३२३, जुन्या अलार्मची "विल्हेवाट" प्रत्येकी ३५ म्हणजे २४५, आणि अलार्म बदलणारा रात्रीचा आला म्हणून १४९. पावती समोर आहे आणि ती बघितली की अजून डोकं फिरतं, कारण फोनवर सांगितलेला आकडा होता ४९.

परिस्थिती आधी सांगते, कारण "तू एवढी शिकलेली आणि अशी कशी फसलीस" हे ऐकून कान किटलेत. जानेवारीची कडाक्याची थंडी, नवरा ऑफिसच्या कामाला टेक्सासला, घरात मी, दोन महिन्यांचं बाळ आणि बाळंतपणासाठी नाशिकहून आलेली आई. रात्री दर मिनिटाला एक बीप. बाळ डोळा लागला की दचकून उठायचं. मी स्टूलवर चढून वरच्या पॅसेजमधल्या अलार्मची नऊ व्होल्टची बॅटरी बदलली, तरी बीप चालूच. सी-सेक्शन झालेल्या बाईने सात सीलिंगना शिडी लावत फिरायचं का? मग फोनवर शोधलं, सगळ्यात वर जे आलं त्यावर फोन केला. ती जाहिरात होती. बारीक अक्षरात "स्पॉन्सर्ड" लिहिलेलं असतं ते झोपेतल्या डोळ्यांना दिसत नाही, आणि हे लोक त्याच वेळेवर जगतात.

माणूस तासाभरात आला. रिफ्लेक्टरचं जॅकेट, गळ्यात बॅज, हातात टॅबलेट, बोलायला अतिशय नम्र. आल्या आल्या शिडी लावून पॅसेजमधला अलार्म फिरवून काढला आणि मागची बाजू माझ्यासमोर धरली. त्यावर लिहिलेलं असतं, आत किरणोत्सर्गी पदार्थ आहे, अमेरिशियम २४१. "घरात बाळ आहे ना मॅडम?" एवढंच म्हणाला. आता मला माहितीये की आयोनायझेशन प्रकारच्या अलार्ममध्ये तो अगदी सूक्ष्म प्रमाणात, बंद डबीत असतो आणि अलार्म फोडला नाही तर कोणाला काही होत नाही, अमेरिकेत असे अलार्म वर्षानुवर्षं घराघरांत आहेत. पण रात्री साडेअकराला बाळ खांद्यावर असताना हे वाचलं तर कुठल्याही आईचं काय होईल ते सांगा.

आणि तेव्हाच ते झालं. अलार्म त्याच्या हातात होता, वायर काढलेली, बॅटरी काढलेली, आणि बीप आली. खालून आली. आई लगेच म्हणाली, "अगं, आवाज खालून आला ना?" मी त्याला इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, हे सगळे एकमेकांना जोडलेले असतात, एक बिघडला की दुसरा बोलतो, म्हणूनच सगळे बदलावे लागतात. हे मला खरं वाटलं कारण अर्धं खरंच आहे, हार्डवायर्ड, म्हणजे घराच्या विजेच्या वायरवर चालणारे, अलार्म एकमेकांना जोडलेलेच असतात, एक वाजला की सगळे वाजतात. पण ते आगीच्या वेळी! बॅटरी संपल्याची बीप ज्याची त्याचीच असते, ती दुसऱ्याकडे जात नाही. हा एक मुद्दा मला त्या क्षणी माहीत असता तर तो माणूस तिथूनच परत गेला असता. रोज रात्री झोपताना मला ती खालून आलेली बीप आठवते. आवाज ओळखणंही सोपं नसतं हो, तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा बारीक आवाज, तोही क्षणभर, कुठून आला ते कानाला कळत नाही. त्याला हे नेमकं माहीत होतं.

पुढे नेहमीचंच. घर फायर कोडमध्ये बसत नाही, इन्शुरन्स क्लेम नाकारेल, टाउनशिप दंड करेल. साफ खोटं. न्यू जर्सीत घर विकताना स्मोक आणि कार्बन मोनॉक्साइड (विषारी वायू) अलार्म तपासून फायर ऑफिसचं सर्टिफिकेट घ्यावंच लागतं, आम्ही २०२१ ला घर घेतलं तेव्हाचं ते फाइलमध्ये आहे आणि अलार्म २०१९ चे होते. स्मोक अलार्मचं आयुष्य बनवल्याच्या तारखेपासून १० वर्षं, म्हणजे माझे चांगले सातही अलार्म तो पिशवीत घालून घेऊन गेला, वर घेऊन जायचे २४५ डॉलर लावले. पैसे कार्डाने नको म्हणाला, मशीन चालत नाहीये, फोनवरून थेट बँकेत पाठवा. कार्ड नको म्हणणाऱ्याला घरात थांबूच देऊ नका.

दुसऱ्या रात्री तीच बीप.

नवरा परत आल्यावर आम्ही फायर डिपार्टमेंटच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर फोन केला (९११ नाही!). एक वयस्कर व्हॉलंटिअर काका आले, प्रत्येक अलार्मखाली मिनिटभर शांत उभे राहिले आणि बेसमेंटमध्ये फर्नेसमागच्या शेल्फजवळ पोचले. तिथे प्लगमध्ये जुन्या मालकाने लावलेला कार्बन मोनॉक्साइड अलार्म होता, त्याचं आयुष्य संपलेलं, तो बिचारा तेवढंच सांगत होता. काकांनी एक पैसा घेतला नाही. मग त्यांनी "नवीन" अलार्म उतरवून बघितले. मागे तारीख २०१४. सातातले तीन वायरला जोडलेलेच नव्हते, कनेक्टर वेगळा होता म्हणून वायर तशीच आत कोंबून वर नुसता अलार्म बसवलेला, आणि त्या तिघांत बॅटरीही नव्हती. त्यातला एक बाळाच्या खोलीत. पैशांचं एक वेळ सोडून देईन, हे नाही सोडणार.

आता तक्रारीची कथा. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, तुमचा फोन, तुमचा पासवर्ड, म्हणजे हा फ्रॉड नाही. चोरी झाली असती तर बघितलं असतं! पोलीस स्टेशनला गेलो, ते म्हणाले काम केलंय, पावती दिलीय, हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. मी म्हटलं, अहो त्याने बंद पडलेले अलार्म बसवलेत, आग लागली असती तर? तर म्हणे, पण लागली नाही ना. हे शब्द वर्दीतल्या माणसाचे. काउंटीच्या ग्राहक तक्रारीच्या ऑफिसने कॉन्ट्रॅक्टची कॉपी मागितली. कॉन्ट्रॅक्ट त्याने दिलंच नव्हतं. नियमानुसार ५०० डॉलरच्या वरच्या घरदुरुस्तीच्या कामाला लेखी करार लागतो आणि त्याची कॉपी मिळाल्यानंतर तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत कारण न देता तो रद्द करता येतो, आणि मी तेच तर सांगत होते की त्याने तो दिला नाही, हीच माझी तक्रार आहे! तर कॉन्ट्रॅक्ट नसेल तर फॉर्म अपूर्ण धरतो म्हणाले. पावतीवरच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र पाठवलं, ते परत आलं, तो पत्ता म्हणजे पार्सलच्या दुकानातला भाड्याचा मेलबॉक्स. हे सांगायला पुन्हा पोलिसांकडे गेलो तर त्यांनी काउंटीकडे पाठवलं, काउंटीने बँकेकडे. टॅक्स भरताना एक सेंट कमी पडला तर पत्र घरी येतं, आणि इथे एक बाई पुरावे घेऊन दारात उभी आहे तर कुणाला वेळ नाही.

घरदुरुस्तीचं काम करायला येणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरची राज्याकडे नोंदणी लागते, नंबर १३व्हीएच ने सुरू होतो, तो दाराबाहेरच विचारा आणि वेबसाइटवर नाव जुळवा. तीस सेकंद ते मिनिटाने एकच बीप म्हणजे बॅटरी किंवा आयुष्य संपलं. तीन-तीनच्या गटात वाजला तर आग, चार-चारच्या गटात वाजला तर कार्बन मोनॉक्साइड, तेव्हा शोधत बसू नका, पोरंबाळं घेऊन बाहेर पडा. बीप बहुतेक पहाटेच सुरू होते कारण घर गार झालं की संपत आलेल्या बॅटरीचा व्होल्टेज अजून खाली येतो. नवी बॅटरी घालूनही थांबत नसेल तर ब्रेकर बंद करा, बॅटरी काढा, टेस्टचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो, मग परत जोडा. फोडणीने वाजतो तो वेगळा, त्याला हशचं (आवाज थोडा वेळ बंद करायचं) बटण असतं, त्यासाठी अलार्म काढून ड्रॉवरमध्ये टाकू नका. आणि तुमचे जुने अलार्म कुणालाही नेऊ देऊ नका, तोच पुरावा असतो, माझा गेला.

काउंटीतल्या एका बाईने शेवटी फोनवर खाजगीत सांगितलं की एकाच व्हॅनबद्दल दोन-तीन तक्रारी असतील तरच फाइल पुढे जाते. पांढरी व्हॅन, दारावर लाल ज्वालेचं चुंबकाचं स्टिकर, आत शिडी आणि पिशवीभर अलार्म. मिडलसेक्स किंवा सॉमरसेटमध्ये तुमच्याकडे ती आली असेल तर लाजू नका, पावती शोधा आणि तुमच्या काउंटीकडे या आठवड्यात तक्रार टाका, फॉर्म कसा भरायचा ते मी सांगते.