थिसिससाठी घाट, बाजार की वाचनालय? नाशिकच्या आर्किटेक्चर विद्यार्थ्यांसाठी एक तुलना

चौथं वर्ष संपत आलं की थिसिसच्या विषयांची चर्चा सुरू होते. नाशिकमध्ये सार्वजनिक इमारत करायची ठरवलेल्या मुलामुलींच्या यादीत तीन विषय हमखास दिसतात: गोदाघाटावर भाविकांसाठी सुविधा केंद्र, शेतमालाचा बाजार आणि प्रभागातलं वाचनालय-अभ्यासिका. चौथा विषय समाजमंदिराचा. तो फार थोडे जण घेतात, त्याबद्दल शेवटाकडे लिहितो.

२०२७ च्या सिंहस्थामुळे घाटाकडे ओढा जास्त आहे आणि तो स्वाभाविकही आहे. पण तिन्ही विषयांचा पिंड वेगळा आहे. ज्याला बाजार झेपेल त्याला वाचनालय झेपेलच असं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: इमारत शीटवर किती भव्य दिसेल यावर विषय ठरवू नका. ती ज्यांच्यासाठी आहे ती माणसं तुम्हाला वर्षभर पुन्हापुन्हा भेटणार आहेत का, हे आधी बघा. ज्युरीत, म्हणजे थिसिस तपासणाऱ्या मंडळात, बसल्यावर दहा मिनिटांत कळतं की समोरच्या मुलाने साइटवर वेळ घालवला आहे की फक्त गुगलचा नकाशा उघडला आहे.

तुमचं कॅलेंडर आणि साइटचं कॅलेंडर

ही तुलना सहसा कुणी करत नाही, म्हणून इथूनच सुरुवात करू. नववं सेमिस्टर पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या आसपास संपतं. दहावं हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात. अभ्यास नवव्यात आणि डिझाइन दहाव्यात, असा साधारण क्रम असतो.

घाटाचा खरा अभ्यास जुलै ते सप्टेंबरमध्ये होतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी आलं, हे अख्खं शहर विचारतं. गुडघे, कंबर, छाती, डोकं ही नाशिककरांची पूरमोजणी. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत घाटाची दशा काय झाली ते जुन्या दुकानदारांना तोंडपाठ आहे. पाणी ओसरल्यावर गाळ कुठे साचतो, कुठल्या भिंतीवर ओल किती उंच चढते, टपऱ्या कुठे सरकतात, या नोंदी पावसाळ्यातच करता येतात. घाट घ्यायचा तर जूनमध्येच पक्कं करा. नोव्हेंबरात ठरवलं तर तुमच्या हाती कोरड्या पायऱ्यांचे फोटो उरतील, आणि पुराचा अभ्यास बातम्यांच्या कात्रणांतून करावा लागेल.

बाजाराचं गणित उलटं. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, आणि उन्हाळी कांद्याची आवक मार्चअखेरीपासून वाढत जाते. म्हणजे तुम्ही दहाव्या सेमिस्टरला ड्रॉइंगवर बसलेले असताना लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचे आवार ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेले असतात. हे चांगलंही आहे आणि वाईटही. पाहिलेलं लगेच कागदावर येतं. पण एप्रिलमध्ये नवं काही लक्षात आलं तर प्लॅन बदलायला वेळ नसतो. म्हणून चौथ्या वर्षाच्या उन्हाळ्यातच एक हंगाम पाहून ठेवावा.

वाचनालयाला हंगाम नाही. बाराही महिने, सकाळपासून रात्रीपर्यंत कुणी ना कुणी खुर्चीवर बसलेलं असतं. वेळेचा धोका ज्याला नको आहे त्याच्यासाठी हा मोठा मुद्दा आहे.

माणसं कोण?

घाट म्हटलं की शीटवर कुंभमेळ्याची गर्दी येते. लाखो भाविक, बाणांचे नकाशे, तपोवनातलं साधुग्राम. गर्दीचा विचार हवाच. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ जणांचा जीव गेला, हे नाशिकमध्ये डिझाइन करणाऱ्याने कधी विसरू नये. पण सिंहस्थ बारा वर्षांतून एकदा येतो, आणि रामकुंडावर माणसं रोज येतात. दशक्रिया विधीला, अस्थिविसर्जनाला, नुकतं घरचं माणूस गमावलेली कुटुंबं पहाटेपासून येतात. बाप्यांचं केशवपन उघड्यावर चाललेलं असतं. बायका ओल्या साडीत आडोसा शोधतात, म्हाताऱ्या आत्याला टेकायला जागा नसते, लहान मुलाला स्वच्छतागृह सापडत नाही. रामकुंडाजवळ कपडे बदलायची आज काय सोय आहे आणि ती कशी वापरली जाते हे दोन-चार सकाळी बसून पाहिलं, तर तुमचा अर्धा प्रोग्राम (इमारतीत लागणाऱ्या जागांची यादी) तिथेच लिहून होईल. गाडगेबाबांनी नाशिकला धर्मशाळा उभारली ती गरीब यात्रेकरूच्या याच गरजा ओळखून: राहायला छप्पर, पाणी, स्वच्छता. कुंभासाठी काढलेल्या भव्य प्रवेशकमानीपेक्षा मला रोजच्या शोकाकुल माणसासाठी काढलेली सावलीतली बाकं जास्त मोलाची वाटतात, आणि चांगल्या ज्युरीलाही वाटतील.

बाजारात माणसं भरपूर आणि बोलकी. शेतकरी, आडते, व्यापारी, हमाल, मापारी, चहावाला, टेम्पोवाला. प्रत्येकाचं आवारात वेगळं काम आणि वेगळं दुखणं. लिलाव उभ्या ट्रॉल्यांच्या रांगेत होतो, म्हणून बाजाराची मुख्य ‘खोली’ म्हणजे खरं तर मोकळं आवार. छप्पर त्याच्या कडेला येतं. विद्यार्थी बहुतेक वेळा उलटं करतात: मधोमध सुंदर छप्पर आणि ट्रॉल्या कुठेतरी पार्किंगमध्ये. शहरांत मंडई बांधून होते, कट्टे तयार होतात, आणि विक्रेते तरीही रस्त्याच्या कडेलाच बसतात. कारण गिऱ्हाईक जिथून चालत जातं ती वाट मंडईच्या आतून गेलेली नसते. रात्री मुक्कामाला थांबणाऱ्या शेतकऱ्यासाठी झोपायची जागा, महिला शेतकऱ्यांसाठी स्वच्छतागृह, हमालांना पाठ टेकायला ओटा, या तीन गोष्टी प्लॅनमध्ये नीट बसवल्या तरी तुम्ही पुष्कळांच्या पुढे गेलात.

वाचनालयातली माणसं शांत, त्यामुळे त्यांना वाचणं कठीण. नाशिकला वाचनालयाची परंपरा जुनी आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० चं, आणि ‘सावाना’ हे नाव इथे घराघरात माहीत आहे. पण आजचा मोठा वर्ग स्पर्धा परीक्षेचा आहे. एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा यांसाठी गावाकडून आलेली पोरं खोलीवर तिघं-चौघं राहतात आणि खासगी अभ्यासिकेत महिन्याला पैसे भरून एक खुर्ची घेतात. त्यांना दिवसाचे दहा-बारा तास बसायचं असतं. त्याच इमारतीत सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा आहेत, दुपारी मासिक बदलायला येणाऱ्या काकू आहेत आणि शाळा सुटल्यावर धावत येणारी मुलं आहेत. या चौघांचा आवाज, उजेड आणि वेळ वेगवेगळा. त्यांना एका छपराखाली आणणं हाच या प्रकल्पाचा गाभा.

सेक्शनमध्ये काय मिळतं

सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून काढलेल्या ड्रॉइंगमध्ये, माझ्या मते वाचनालय सरस आहे, कारण उजेड. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. ‘उत्तरेला काच लावली की ऊन येत नाही’ हे पाठांतर इथे पूर्ण खरं नाही. जूनमध्ये सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून सरळ टेबलावर येतं, त्याला उभे पडदे किंवा फिन्स (खिडकीबाहेरच्या उभ्या पट्ट्या) लागतात. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४६ अंशांवर असतो, आणि नाशिकच्या थंडीत ते ऊन हवंहवंसं वाटतं. नेमका हवा तेवढाच पुढे येणारा छज्जा काढून दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात उघडी आणि उन्हाळ्यात झाकलेली ठेवता येते. हे सगळं एका सेक्शनमध्ये दाखवता येतं, आणि तो सेक्शन पोर्टफोलिओत वर्षानुवर्षं टिकतो.

वजनाचाही विचार करावा लागतो. इमारतीवरच्या भारांसाठीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे घराच्या खोलीला प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन भार धरतात. पुस्तकांच्या कपाटांच्या दालनाला २.२ मीटर उंचीपर्यंतच ६, आणि त्यापुढे वाढत जातो. म्हणून पुस्तकसाठा तिसऱ्या मजल्यावर ठेवण्याआधी कॉलमकडे बघा. केस स्टडीसाठी दूर जायची गरज नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात कोपरगावला शारदा शाळेच्या आवारातलं माया सोमैया वाचनालय पाहून या. विटांच्या पातळ थरांचं वळणदार कवच जमिनीतून उठतं, मुलं त्यावरून चालत जातात आणि खाली बसून वाचतातही. छप्पर आणि अंगण एकच कसं होतं ते प्रत्यक्ष बघितल्याशिवाय समजत नाही.

बाजारातला सेक्शन वेगळ्या अर्थाने श्रीमंत आहे. आपल्याकडची कांदा चाळ बघा: रुंदी कमी, तळ जमिनीपासून उचललेला, बाजू फटींच्या, वर उतरतं छप्पर. हवा खालून आणि बाजूने खेळते म्हणून कांदा टिकतो. शेतकऱ्याने अनुभवातून घडवलेली ही इमारत एखाद्या विद्यार्थ्याने नीट मोजून काढली, तिचं माप आणि हवेचा मार्ग समजून घेतला आणि त्यातून लिलावाच्या शेडचं छप्पर घडवलं, तर मला ते परदेशी मासिकातल्या दहा संदर्भांपेक्षा जास्त पटेल. लांब गाळ्याचं छप्पर, ट्रस, पागोळ्यांचं पाणी, ट्रॉलीचं वळण: बांधकामाची आवड असणाऱ्यासाठी हे मैदान आहे. चार्ल्स कोरियांनी १९६३ मध्ये साबरमतीला गांधी संग्रहालय ६ मीटरच्या चौरसांत मांडलं, आणि चौरस जोडत संग्रहालय वाढू शकेल अशी सोय ठेवली. बाजारही असाच टप्प्याटप्प्याने वाढतो, म्हणून ते उदाहरण इथे उपयोगी पडेल.

घाटावर सेक्शन म्हणजे पातळ्यांचा खेळ. दिसायला सगळ्यांत देखणा, सोडवायला सगळ्यांत अवघड. एकास बारा उताराने ३ मीटर खाली जायला ३६ मीटर रॅम्प लागतो, मधले टप्पे वेगळे. तो रॅम्प पायऱ्यांच्या कडेला चिकटवायचा की त्यालाच घाट करायचं, यावर प्रकल्प तरतो किंवा बुडतो.

नियम

बाजार आणि वाचनालयाला राज्याची २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावली आणि अग्निसुरक्षेचे निकष सरळ लागू होतात, फार अडत नाही. घाटाला पूररेषा आडवी येते. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी आणि निळ्या रेषेच्या मधे पक्की इमारत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटींसह. म्हणजे ज्या जागेच्या प्रेमात पडून तुम्ही विषय घेता तिथेच बांधता येत नाही. इमारत मागे वस्तीत सरकवावी लागते आणि काठावर फक्त ओटे, सावली, पाणी उरतं. ही मर्यादा मनापासून स्वीकारली तर प्रकल्प फार सुंदर होऊ शकतो.

समाजमंदिराचं काय?

थिसिससाठी ते लहान पडतं, असं गाइड म्हणतील, आणि एका इमारतीपुरतं ते बरोबर आहे. पण तिसऱ्या वर्षाच्या स्टुडिओसाठी याहून चांगला विषय मला माहीत नाही. लग्न, जयंती, बचत गटाची बैठक, लसीकरण, मतदान केंद्र, दहावा-तेरावा, सगळं एकाच हॉलमध्ये. काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला त्या शहरात ‘सार्वजनिक’ इमारतीचं दार कुणासाठी उघडं, हा प्रश्न नुसता अभ्यासक्रमातला नाही. आणि थिसिसच करायचा असेल तर तीन वस्त्यांत तीन समाजमंदिरं असा एकच प्रकल्प मांडा: एक जुन्या पंचवटीत, एक सिडकोत, एक सातपूरच्या कामगार वस्तीत. तोच प्रोग्राम, तीन वेगळी उत्तरं. असा थिसिस मला मनापासून बघायला आवडेल.

मग कुणी काय घ्यावं

घरचे शेतीत आहेत, पहाटे चारला उठून लिलावाला जाता येतं, हिशेब आणि ट्रस दोन्ही आवडतात: बाजार. माझ्या पसंतीत थिसिससाठी हाच पहिला, कारण नाशिक जिल्ह्याला त्याची खरी गरज आहे आणि माहिती देणारी माणसं पावलापावलावर आहेत.

एकट्याने, शांतपणे, बारकाईत काम करायचं आहे, किंवा घरच्या अडचणींमुळे पुन्हापुन्हा बाहेरगावी जाणं जमणार नाही: वाचनालय. साइट मात्र तुमच्या बसच्या मार्गावरचीच घ्या. गंगापूर रोडच्या चकचकीत प्लॉटपेक्षा नाशिकरोड किंवा अंबडच्या बाजूचा प्लॉट बघा, जिथे अभ्यासिकेची खुर्ची मिळवायला पोरांना दूर जावं लागतं.

घाट घ्यायचा तर दोन अटी. निर्णय पावसाळ्याआधी, आणि प्रोग्राम रोजच्या माणसाचा. सिंहस्थ त्यावरचा वाढीव भार म्हणून मांडायचा. या दोन्ही जमणार नसतील तर घाट सोडून द्या.

घाट आणि बाजार यांत अडकला असाल तर गोदाकाठच्या बुधवारच्या बाजाराचा एक दिवस पूर्ण बघा. पाल कधी पडतात, भाजी धुवायला पाणी कुठून येतं, संध्याकाळी कचरा कोण उचलतं, पूर आला की बाजार कुठल्या गल्लीत सरकतो. आठवड्यातून एक दिवस उभा राहणारा आणि सहा दिवस नाहीसा होणारा हा बाजारही थिसिसचा विषय होऊ शकतो. त्याला पक्की इमारत फार थोडी लागेल: उंचावर स्वच्छतागृह, पाण्याचे नळ, पाल बांधायला कड्या, पुराआधी सामान हलवायला एक गोदाम. तो घेणार असाल तर सिनॉप्सिस देण्याआधी गाइडला एकदा सोबत घेऊन जा. बांधीव क्षेत्र कमी का आहे हे त्यांना ड्रॉइंगपेक्षा तिथे उभं राहून लवकर पटेल.