मुलाखतीच्या फाइलसाठी डिजिलॉकर: उपयोगी, पण आदल्या रात्री उघडू नका

बीकेसी असो की अंधेरीचं एमआयडीसी, निवड झाली की एचआर पहिल्यांदा कागद मागतं. त्या कामासाठी डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं डिजिटल रूपात ठेवण्याचं सरकारी ॲप, उत्तम आहे आणि फुकट आहे. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, मग सहा आकडी पिन ठेवायचा. जुना नंबर बंद असेल तर मात्र गाडी तिथेच अडते. आधी आधार केंद्रात नंबर बदलून घ्या.

राज्य मंडळाची दहावी-बारावीची गुणपत्रिका बैठक क्रमांक आणि वर्ष टाकून मागवता येते. खरी डोकेदुखी नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. जुळणी फसली की कागद येत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी तर गॅझेटची प्रतही फाइलमध्ये ठेवावी.

'इश्यूड' विभागातली, म्हणजे थेट देणाऱ्या संस्थेकडून आलेली कागदपत्रं कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीची. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेली तशी नाहीत, हा फरक बरेच जण विसरतात. चढवण्यासाठी जागा १ जीबी.

मुंबई विद्यापीठाची तुमच्या वर्षाची पदवी डिजिलॉकरवर आहे का, हे आठवडाभर आधी पाहा. पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण रिसेप्शनवर नेटवर्कचा भरवसा नाही. आणि झेरॉक्सचे दोन संच घ्याच. अनुभवाचं पत्र, पगाराच्या स्लिपा इथे सहसा सापडत नाहीत.

माझे गुण: पाचपैकी चार.