विलायती पाऊच, देशी चुरा

नाशिक रोडच्या एका गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवरून ‘लंडनचा ओरिजिनल’ म्हणून रोलिंग टोबॅकोचे, म्हणजे हाताने सिगारेट वळायच्या तंबाखूचे, पाऊच मागवले. पैसे आधी यूपीआयने, माल कुरियरने, बिल नाही. पाऊच भडक निळा, त्यावर सोनेरी नाव, वजन २५ ग्रॅम, चव चेरीची. हा माल खोटा आहे हे कळायला तो फोडायचीही गरज नव्हती.

ब्रिटनमध्ये मे २०१७ पासून हा तंबाखू ३० ग्रॅमपेक्षा लहान पाऊचमध्ये विकता येत नाही. रंगही कंपनीच्या मर्जीचा नाही. सगळ्या ब्रँडना एकच मळकट शेवाळी-तपकिरी रंग, नाव ठरलेल्या साध्या अक्षरांत, मोठी जागा आजारांच्या फोटोंना आणि इशाऱ्यांना. फळांच्या चवी तिथे आणि युरोपीय महासंघातही बंद, मे २०२० पासून मेंथॉलसुद्धा. ऑस्ट्रेलियात साध्या पाकिटाची सक्ती २०१२ पासूनची आहे. ‘जुना स्टॉक आहे’ असं कोणी म्हटलं, तर इतकी वर्षं पडून राहिलेला तंबाखू वाळून भुगा झालेला असणार.

अमेरिकेचं जरा वेगळं आहे. २००९ मध्ये तिथे रोलिंग टोबॅकोवरचा केंद्रीय कर प्रचंड वाढला, पाइपच्या तंबाखूवरचा मात्र कमी राहिला. तेव्हापासून बराच माल मोठ्या पिशव्यांतून ‘पाइप टोबॅको’ म्हणून विकला जाऊ लागला. त्यामुळे नुसत्या ‘पाइप’ या शब्दावरून बनावट ठरवू नका.

‘भाऊ येताना घेऊन येतो’ ही थापही नेहमीची. सामानातून करमुक्त आणता येतो १२५ ग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅमचे चार पाऊच. ज्याच्याकडे खोकी भरून माल आहे, त्याचा भाऊ विमानाने येत नाही.

आत पाहायचं ते तंतू. रोलिंग टोबॅको बारीक, लांब कापलेला असतो. चिमटीत धरून ओढला की तंतू एकमेकांना धरून येतात. बिडीचा तंबाखू रवाळ, बोटांतून सांडतो. भेसळीत तोच मिसळतात, शिवाय देठांचे तुकडे. ओलावा टिकावा म्हणून कारखाने ग्लिसरीनसारखे पदार्थ घालतात. बनावटवाला नुसतं पाणी शिंपडतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर पांढरी बुरशी धरते. पाऊचच्या चिकटपट्टीवर आधीच तंबाखूचे कण अडकलेले दिसले, तर रिकामा पाऊच पुन्हा भरलेला आहे.

वजन पाऊचसकट करू नका, फसवणूक तिथेच लपते. तंबाखू वेगळा काढून सोनाराच्या काट्यावर तोला. खरा मालही वाळला की ३० ग्रॅममागे तीनेक ग्रॅम घटतो. आठ ग्रॅम घट आली तर ती हवेने नेलेली नाही.

भारतात विकायच्या पाऊचवर दोन्ही बाजूंना ८५ टक्के जागेत सचित्र इशारा लागतो. आयात केलेल्या मालालाही तो चुकत नाही. सोबत आयातदाराचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि सर्व करांसह एमआरपी. यातलं काही नसेल, तर आतला माल अस्सल असला तरी इथली विक्री बेकायदाच.

फसलात तर पाऊच फेकू नका, कुरियरचं लेबलही जपा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा, ग्राहक तक्रारीसाठी १९१५. वजनातल्या काटामारीची तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे. तिथे उरलेल्या तंबाखूसह मूळ पाऊच घेऊन जा, नुसता फोटो नको.