ट्रम्प खरे की बायडेन? वादात पडण्याआधी ‘फ्रेड’ उघडा

ऑगस्ट २०२५ मध्ये आठ दिवसांच्या अंतराने दोन निर्णय आले. १९ तारखेला भारत सरकारने आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क तात्पुरतं उठवलं, आणि २७ तारखेपासून अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये कापसाच्या भावाचा विषय निघाला की अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षही निघतो. मुलगा डॅलसला आणि जावई न्यू जर्सीला, अशा घरांत तर रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट असे दोन गटच पडलेले दिसतात. व्हॉट्सॲपवर एकाकडून आलेख येतो, त्यात बायडेन यांच्या काळात महागाई आभाळाला भिडलेली. दुसरा पाठवतो, त्यात त्याच काळात नोकऱ्यांची रेघ सरळ वर गेलेली. आकडे दोन्हीकडचे बरोबर असतात, तरी ‘मनंच खरं’ (माझंच खरं) म्हणत भांडण चालू राहतं.

हे आलेख बहुतेक वेळा जिथून उचललेले असतात ती सेवा म्हणजे फ्रेड. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतल्या सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग ती १९९१ पासून चालवतो. आठ लाखांहून जास्त आकडेमालिका आहेत आणि सगळं फुकट आहे. खातं न उघडताही आलेख पाहता येतो, बदलता येतो, एक्सेलमध्ये उतरवून घेता येतो. खातं लागतं ते केलेलं काम जपून ठेवायला. ‘काय झालं आणि कधी झालं’ एवढं तपासायचं असेल तर माझ्या मते यापेक्षा चांगली फुकट सेवा नाही. ‘कोणामुळे झालं’ हे मात्र ती सांगत नाही, आणि लोक नेमकं तेच तिच्याकडून वदवून घ्यायला जातात. त्यामुळे या परीक्षणात कौतुकापेक्षा वापरताना कुठे फसायला होतं, ते जास्त सांगतो.

सुरुवात बेरोजगारीच्या दरापासून करा. शोधपेटीत ‘अनएम्प्लॉयमेंट रेट’ टाकलं की हजारो नोंदी येतात, कारण राज्यं आणि काउंट्यांचे (आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांचे) दरही त्यातच असतात. ‘मंथली, सीझनली ॲडजस्टेड’ (मासिक, हंगामी चढउतार वगळलेली) असं लिहिलेली राष्ट्रीय मालिका घ्या. ती जानेवारी १९४८ पासून आहे. मग आलेखाच्या सरकत्या पट्टीवर जानेवारी २०१७ ते जानेवारी २०२५ (आधी चार वर्षं ट्रम्प, मग चार बायडेन) एवढाच काळ ठेवा. जानेवारी २०१७ ला ४.७, फेब्रुवारी २०२० ला ३.५, एप्रिल २०२० ला १४.८, एप्रिल २०२३ ला ३.४, जानेवारी २०२५ ला ४.०. दोन्ही गट आपापल्या सोयीचे टोक या एकाच रेघेवरून उचलतात. बायडेन समर्थक एप्रिल २०२० पासून मोजायला लागला, किंवा ट्रम्प समर्थकाने फेब्रुवारी २०२० ला आलेख कापला, तर त्याला लगेच थांबवा. टाळेबंदीच्या दोन महिन्यांत सुमारे २ कोटी २० लाख नोकऱ्या गेल्या होत्या. त्या खड्ड्याच्या तळापासून मोजलं तर कोणीही थोर ठरतो.

जानेवारीचा आकडा कोणाच्या खात्यात टाकायचा, यावरही वाद होतो. याचं उत्तर पक्कं आहे. बेरोजगारीचं सर्वेक्षण महिन्याची १२ तारीख ज्या आठवड्यात येते त्या आठवड्याबद्दल विचारतं, आणि शपथविधी असतो २० जानेवारीला. म्हणजे जानेवारीचा आकडा जाणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचा शेवटचा आणि येणाऱ्याचा आधारबिंदू. नोकऱ्या मोजायच्या तर एका जानेवारीपासून चार वर्षांनंतरच्या जानेवारीपर्यंत मोजा.

तिमाही आकड्यांत वेगळा फास आहे. फ्रेड प्रत्येक कालखंडावर त्याच्या पहिल्या दिवसाची तारीख टाकतो. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेचं वास्तव उत्पादन (महागाई वगळून मोजलेला जीडीपी) घटलं आणि आलेखात तो बिंदू दिसतो १ जानेवारी २०२५ वर, म्हणजे बायडेन अजून पदावर असताना. प्रत्यक्षात तो आकडा जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांचा आहे आणि त्यातले फक्त पहिले १९-२० दिवस बायडेन यांचे. घट होण्याचं मोठं कारण म्हणजे शुल्क वाढायच्या आत माल आणून ठेवायची कंपन्यांची धावपळ. उत्पादनाच्या हिशेबात आयात वजा होते, म्हणून एकूण आकडा खाली गेला. याच कुटुंबातल्या मालिकांवर ‘ॲन्युअल रेट’ असं लिहिलेलं असतं. सीमाशुल्काच्या तिमाही वसुलीचा आकडा तसाच आहे. तो आधीच वर्षाच्या दराने दिलेला असतो, त्यामुळे चार तिमाहींची बेरीज करून कोणी ‘एवढे अब्ज मिळाले’ म्हणत असेल तर ती रक्कम चौपट फुगलेली असते. बेरजेनंतर चारने भागा.

महागाईसाठी ग्राहक किंमत निर्देशांक घ्या, ‘एडिट ग्राफ’ दाबा आणि एककाच्या यादीतून ‘पर्सेंट चेंज फ्रॉम इयर अगो’ निवडा. हे केलं नाही तर नुसता निर्देशांक दिसतो. तो जवळजवळ कायम चढताच असतो, म्हणून कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला झोडपायला तो वापरता येतो. जून २०२२ मध्ये वार्षिक महागाई ९.१ टक्के होती आणि जानेवारी २०२५ मध्ये ३.० टक्के. ‘महागाई उतरली’ आणि ‘किराणा स्वस्त झाला नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी बरोबर आहेत. दर उतरला, किमती उतरल्या नाहीत. पेट्रोलचे आकडे साप्ताहिक मिळतात, पण गॅलनमध्ये. सूत्राच्या रकान्यात ‘ए भागिले ३.७८५’ करा (ए म्हणजे ती मालिका), म्हणजे लिटरचा भाव समोर येतो.

आलेखावरच्या करड्या उभ्या पट्ट्या मंदी दाखवतात. त्यांच्या तारखा एक स्वतंत्र समिती ठरवते आणि ती फार उशिरा बोलते. डिसेंबर २००७ ला सुरू झालेली मंदी १ डिसेंबर २००८ ला जाहीर झाली, तेव्हा ओबामा निवडूनही आले होते. आज पट्टी नाही म्हणून मंदी नाही, असा दावा करू नका.

या सेवेतला सर्वात मोलाचा आणि सर्वात कमी वापरला जाणारा भाग म्हणजे तिची बहीण-सेवा आल्फ्रेड. फ्रेडवर आजचा सुधारित आकडा दिसतो, आल्फ्रेडवर त्या त्या तारखेला जो आकडा जाहीर झाला होता तो दिसतो. २०२२ च्या पहिल्या दोन तिमाहींत उत्पादन घटल्याचं तेव्हा जाहीर झालं होतं आणि ‘मंदी लपवली’ असा आरोप झाला. सप्टेंबर २०२४ च्या वार्षिक सुधारणेत दुसऱ्या तिमाहीची घट पुसली जाऊन किंचित वाढ आली. आल्फ्रेडवर मालिका उघडून ऑगस्ट २०२२ ची आणि ऑक्टोबर २०२४ ची आवृत्ती शेजारी शेजारी लावा, तेव्हा बोलणारे तेव्हाच्या आकड्यांवर बोलत होते हे लगेच कळतं.

आकडे बदलले की कारस्थानाचा वास येतो, म्हणून हे नीट समजून घ्या. नोकऱ्यांचा पहिला आकडा येतो तेव्हा बऱ्याच कंपन्यांची उत्तरं आलेली नसतात. पुढच्या दोन महिन्यांत ती येतात आणि आकडा हलतो. शिवाय वर्षातून एकदा बेरोजगार विम्याच्या कर-नोंदींशी ताळा घातला जातो. १ ऑगस्ट २०२५ ला मे आणि जूनचे आकडे मिळून २ लाख ५८ हजारांनी खाली आले, आणि त्याच दिवशी ट्रम्प यांनी कामगार सांख्यिकी विभागाच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना काढून टाकलं. पण त्याच विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये, बायडेन पदावर असताना आणि निवडणूक तोंडावर असताना, वर्षभराच्या नोकऱ्या प्राथमिक अंदाजात ८ लाख १८ हजारांनी कमी दाखवल्या होत्या. विभाग एका पक्षाला विकला गेलाय असं म्हणणाऱ्याला हे दोन आकडे एकत्र दाखवा. आयुक्ताला काढल्याने जे नुकसान झालं ते आकड्यांवरच्या विश्वासाचं झालं, आणि ते कोणत्याही आलेखात मोजता येणार नाही.

आता दोन पक्षांमधली तडजोड. इथे फ्रेड सर्वात तोकडा पडतो. अमेरिकी केंद्र सरकारची तूट किंवा शिल्लक, उत्पादनाच्या टक्केवारीत, ही वार्षिक मालिका उघडा आणि १९८८ ते २००४ ठेवा. १९९२ ला तूट साडेचार टक्क्यांच्या आसपास, मग दरवर्षी कमी, १९९८ ते २००१ चार वर्षं शिल्लक. २००० साली ती २३६ अब्ज डॉलर होती. डेमोक्रॅट म्हणतो क्लिंटन, रिपब्लिकन म्हणतो १९९५ पासूनची रिपब्लिकन काँग्रेस (म्हणजे तिथली संसद). ‘ॲड लाइन’ मध्ये स्वतःची रेघ आखायची सोय आहे. २० जानेवारी १९९३ ते २० जानेवारी २००१ अशी एक रेघ शून्यावर आखा, आणि जानेवारी १९९५ पासूनची दुसरी तिच्या जरा वर. मग तीन कायद्यांच्या तारखा कागदावर लिहून बाजूला ठेवा, कारण त्या फ्रेडमध्ये नाहीत.

पहिला नोव्हेंबर १९९० चा. थोरल्या बुश यांनी ‘नवे कर नाहीत’ असं वचन देऊन निवडणूक जिंकली होती. तरी डेमोक्रॅट काँग्रेसशी बसून त्यांनी करवाढ आणि खर्चमर्यादा मान्य केली, आणि स्वतःच्याच पक्षाचा रोष ओढवून घेतला. दुसरा ऑगस्ट १९९३ चा. त्याला एकाही रिपब्लिकनचं मत मिळालं नाही, सिनेटमध्ये उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या निर्णायक मताने तो ५१-५० असा पार पडला. तिसरा ऑगस्ट १९९७ चा, क्लिंटन आणि रिपब्लिकन काँग्रेस यांच्यात ठरलेला. त्यात शेअर बाजाराच्या तेजीमुळे वाढलेली करवसुलीही धरायला हवी. म्हणजे एक तडजोड, एक एकतर्फी मतदान, पुन्हा एक तडजोड आणि वर नशीब. रेघेकडे पाहून यातलं काहीही ओळखता येत नाही, आणि ज्या बुश यांनी राजकीय किंमत मोजली त्यांचं नाव तर दोन्ही गट घेत नाहीत. तूट पाहताना हेही धरा की अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. २००९ च्या प्रचंड तुटीचं वर्ष धाकट्या बुश यांच्या काळात सुरू झालं होतं, आणि त्यातले पहिले साडेतीन महिने त्यांचेच होते.

तडजोड झाली नाही तर ते मात्र फ्रेडमध्ये दिसतं. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस अमेरिकेचं सरकारी कामकाज बंद होतं. सिनेटमध्ये खर्चाचं विधेयक पुढे न्यायला ६० मतं लागतात आणि रिपब्लिकनांकडे ५३ होती. आरोग्यविम्याच्या अनुदानावरून अडलेला प्रश्न डेमोक्रॅट बाजूच्या आठ सिनेटरांनी मत दिल्यावर सुटला. तोवर ऑक्टोबरचं घरोघरचं सर्वेक्षण झालंच नव्हतं आणि किमतीही गोळा झाल्या नव्हत्या. म्हणून ऑक्टोबर २०२५ चा बेरोजगारी दर आणि ग्राहक किंमत निर्देशांक दोन्ही रिकामे आहेत. नोव्हेंबर २०२५ चा महिन्याचा बदल आणि ऑक्टोबर २०२६ चा वर्षाचा बदल, हे दोन्ही त्यामुळे निघत नाहीत. एक्सेलमध्ये उतरवताना त्या रिकाम्या घराला शून्य समजून सूत्र चालवू नका.

आपल्या भागासाठी सर्वात उपयोगी सूत्र कापसाचं. ‘ग्लोबल प्राइस ऑफ कॉटन’ ही मासिक मालिका पाउंडला सेंटमध्ये आहे. तिच्यात रुपया-डॉलर विनिमयदराची मासिक मालिका जोडा आणि सूत्र लिहा: ए गुणिले बी गुणिले ७.८४. खंडी ३५६ किलोची, म्हणजे ७८४ पाउंड, म्हणून ७.८४. भाव ८० सेंट आणि डॉलर ८५ रुपये असेल तर खंडीला ५३,३१२ रुपये येतात. हा भाव रुईचा आहे. क्विंटलभर कापसातून साधारण ३३-३५ किलो रुई निघते आणि बाकीचं मोल सरकीवर ठरतं, म्हणून यावरून कापसाचा भाव थेट काढू नका. आकडा महिन्याची सरासरी असतो आणि उशिरा भरला जातो. आज गाडी जिनिंगला न्यावी की नाही हे ठरवायला तो निरुपयोगी आहे, पण शुल्कांच्या घोषणांनंतर जागतिक भाव खरंच किती हलला ते बघायला उत्तम.

ग्रुपवर पाठवताना स्क्रीनशॉट नको, ‘शेअर लिंक्स’ मधला छोटा दुवा पाठवा. तारीख, एकक, सूत्र सगळं त्यात राहतं आणि समोरच्याला स्वतः पट्टी सरकवून बघता येतं. दोन अक्षांचा आलेख कोणी पाठवला तर ‘फॉरमॅट’ मध्ये जाऊन दोन्ही रेघा एकाच बाजूला आणा. निम्मे चमत्कार तिथेच संपतात. हे सगळं संगणकावर करा, मोबाइलवर सूत्राची पेटी अडचणीची होते. संपूर्ण सेवा इंग्रजीत आहे, तेव्हा घरातल्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा.

भारताच्या मालिका फ्रेडवर आहेत, पण बऱ्याच दुसऱ्या संस्थांकडून आलेल्या, काही बंद पडलेल्या. मालिकेखालची ‘अपडेटेड’ तारीख बघितल्याशिवाय त्यांना हात लावू नका. आपल्या महागाईसाठी केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय, आणि पतपुरवठ्यासाठी रिझर्व्ह बँकेचं संकेतस्थळ बरं. केळीचा जागतिक भावही फ्रेडवर सापडेल. तो मध्य अमेरिका आणि इक्वेडोरहून अमेरिकी बंदरात उतरणाऱ्या केळीचा आहे, रावेर-यावलच्या भावाशी त्याचा मेळ घालू नका.