पपई: नर-मादी वेगळी की उभयलिंगी?

बोरिवलीच्या सोसायटीत दोनच खड्डे, मग पपईची पुसा नन्हा जात लावावी की रेड लेडी? उत्तर गुणसूत्रांत आहे.

पुसा नन्हात मादी एक्सएक्स, नर एक्सवाय, म्हणून रोपं साधारण निम्मी-निम्मी. फुलोऱ्याआधी ओळख पटत नाही. खड्ड्यात 3-4 रोपं लावायची आणि लांब लोंबते घोस दिसले की ते नर उपटायचे. तरी 10 माद्यांमागे एक नर ठेवावाच लागतो. झाड बुटकं राहतं, हा मोठा फायदा.

रेड लेडीत नर नसतात. तिच्या उभयलिंगी झाडांतलं (एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग) वाय गुणसूत्र नराच्या वायपासून सुमारे 4,000 वर्षांपूर्वीच वेगळं झालेलं, उत्क्रांतीत अगदी कालचं! मादी असो वा उभयलिंगी, प्रत्येक झाड फळतं. फक्त कडक उन्हाळ्यात उभयलिंगी फुलांतला स्त्रीकेसर खुंटतो, फळधारणा घटते.

दोन खड्ड्यांना रेड लेडी. वसईत वाडी असेल तर पुसा नन्हा.