इगतपुरीचे दहा दिवस आणि दादाशी अडलेले बोलणे

आई गेल्यानंतर वर्षभरात आम्हा दोघा भावांमधील बोलणे तिच्या फ्लॅटच्या कागदपत्रांपुरते उरले होते, आणि त्याच सुमारास मी स्वेच्छानिवृत्ती घेतल्याने जुने हिशेब उगाळण्यास दिवसभराची सवड मिळू लागली होती. अखेर पत्नीच्या आग्रहावरून मी इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले; विपश्यना म्हणजे शरीरातील संवेदना प्रतिक्रिया न देता पाहत राहण्याची बौद्ध परंपरेतील ध्यानपद्धती. घरातली नाती सावरावीत म्हणून तिथे जावे का, असा विचार करणाऱ्यांसाठी हा अभिप्राय आहे.

या साधनेच्या भारतातील पुनरागमनामागे एक घरगुती निमित्त आहे, हे मला ठाऊक नव्हते. म्यानमारमधील मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका तिथले विपश्यना आचार्य सयाजी उ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले आणि आजारी आईला ती शिकवावी म्हणून १९६९ मध्ये भारतात आले. मुंबईतील पहिल्या शिबिरात त्यांचे आईवडीलच साधक म्हणून बसले होते. धम्मगिरीत १९७६ पासून शिबिरे होत आहेत.

दिनक्रम कडक आहे. पहाटे ४ वाजता घंटा, दिवसभरात सुमारे १० तास बैठक, ११ वाजता साधे शाकाहारी जेवण, ५ वाजता नव्या साधकांना चहा, कुरमुरे आणि फळ, ७ वाजता गोयंकाजींचे ध्वनिमुद्रित प्रवचन आणि साडेनऊला दिवे बंद. मोबाइल, पुस्तके, वही सारे पहिल्याच दिवशी जमा होते. साधकांनी आपसात पाळायच्या आर्य मौनात खाणाखुणांनाही मनाई असते, त्यामुळे शेजारच्या पलंगावरील माणसाचे नावदेखील मला दहाव्या दिवशी कळले.

पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे लक्ष द्यायचे असते, चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात, आणि मग दिवसातून तीनदा तासभर शक्यतो न हलता बसावे लागते. माझे गुडघे ठणकत होते, पण त्याहून अधिक छळले ते रुग्णालयाच्या व्हरांड्यात दादाने विचारलेल्या एका प्रश्नाने: ‘तू होतास कुठे तेव्हा?’ आईच्या आजारपणाचे आठ महिने मी बंगळुरूला नोकरीवर होतो, आणि या प्रश्नाची निदान वीस खणखणीत उत्तरे मी मनात घोळवून ठेवली होती. सहाव्या दिवशी दुपारी लक्षात आले, की प्रत्येक उत्तराच्या आधी छातीत ऊन लागल्यासारखे होते, जबडा आवळला जातो आणि शब्द त्यानंतर येतात. ती उष्णता नुसती पाहत बसलो, तर काही वेळाने ती ओसरते. खाली प्रश्न तसाच उरतो. वर्षभर मी त्याला आरोप समजत होतो. त्याचे खरे उत्तर मात्र दादाला कधी दिलेच नव्हते.

आता मर्यादांविषयी. हे कौटुंबिक समुपदेशन नव्हे. आचार्य दुपारी भेटतात ते साधनेतील अडचणींसाठी. वाटणीचा तंटा तिथे सांगून उपयोग नाही. सूचनांमधील पुनरुक्ती मला पाचव्या दिवसापर्यंत जड गेली. अर्जात मानसिक आजारांविषयी स्पष्ट विचारणा असते, तिथे काहीही लपवू नये. घरात मृत्यू होऊन काही आठवडेच लोटले असतील, तर इतके दीर्घ मौन स्वीकारण्याआधी जवळच्या माणसांशी पोटभर बोलून घ्यावे, असे माझे मत आहे. शुल्क काहीही नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतले जाते, आणि माझ्याकडे कुणी रक्कम सुचवलीही नाही. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी छत्री आणि कपड्यांचा जादा जोड मात्र विसरू नये, कारण इगतपुरीत वाळत घातलेले काही वाळत नाही.

घरी परतल्यावर चौथ्या दिवशी मी दादाला फोन केला. छातीतले ते ऊन पुन्हा आलेच. तरीही, रजा मागितली असती तर मिळाली असती, पण आईला त्या अवस्थेत पाहण्याची मला भीती वाटत होती, एवढे सांगून टाकले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, की आईचे शिवणयंत्र वहिनीने तेल घालून ठेवले आहे, येऊन घेऊन जा. फ्लॅटची कागदपत्रे अजून वकिलांकडेच आहेत. शिवणयंत्र आमच्या घरी आले आहे, आणि ते पोहोचवायला दादा स्वतः टेम्पोत बसून आला होता.