खानावळीचे ताट की छोट्या बशांचे पॉप-अप : सोलापुरातील शाकाहारी रात्रीचे जेवण

सोलापुरात एखादी संध्याकाळ राखून चांगले शाकाहारी जेवायचे ठरवले, तर आता दोन वाटा समोर असतात. जुनी वाट लिंगायत खानावळीची आहे, जिथे ज्वारीची भाकरी, झुणका, भरले वांगे, आमटी, शेंगा चटणी आणि दही एकाच ताटात पुढ्यात येते. नवी वाट पॉप-अपची आहे. एखाद्या बंगल्याच्या गच्चीवर एक-दोन रात्रींपुरते ते मांडलेले असते, आणि सात-आठ पदार्थ छोट्या बशांतून एकामागून एक येत राहतात, जे मंडळींनी वाटून खायचे असतात. गेल्या हिवाळ्यात होटगी रस्त्यालगतच्या अशा एका गच्चीवर आम्ही चौघे जेवलो. खानावळीत तर लहानपणापासून जेवत आलो आहोत.

स्पेनमधील तापास किंवा लेबनॉनकडील मेझे या प्रकाराशी छोट्या बशांचे नाते सांगितले जाते आणि ते खरेच आहे. परंतु आपल्या ताटाची डावी बाजू पाहिली, तर ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. चटणी, कोशिंबीर, लोणचे हे सारे थोडे थोडे वाढायचे आणि चवीने खायचे पदार्थ आहेत. पॉप-अप या डाव्या बाजूलाच मुख्य जेवण करते, आणि त्यातच त्याचे बळ आणि त्याची उणीव दोन्ही आहेत.

आधी बळ सांगतो. त्या रात्री दोन बोटांएवढ्या कडक भाकरीच्या तुकड्यावर पातळसा चक्का लावून त्यावर चिमूटभर शेंगा चटणी आली. उखळात कुटताना दाण्यांना सुटलेल्या तेलाने ती ओलसर दिसत होती. एरवी ही चटणी दह्याबरोबर घासात मिसळून पोटात जाते आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. इथे मात्र आधी लसूण, मग जिरे आणि सर्वांत शेवटी घशाशी चढत जाणारे तिखट असा तिचा क्रम वेगवेगळा कळला. आयुष्यभर खाल्लेल्या पदार्थाची अशी नव्याने ओळख होणे मला फार मोलाचे वाटते.

दुसरे बळ त्याहून मोठे आहे. वेळ अमावस्येची (शेतात पूजा करण्याच्या सणाची) भज्जी, म्हणजे नव्या हंगामाच्या भाज्या, ओली तूर, हरभरा, वाटाणा आणि बेसन एकत्र शिजवून केलेला पदार्थ, खानावळीच्या रोजच्या ताटात नसतो. तो घरी होतो आणि शेतात पूजेनंतर खाल्ला जातो. ज्याचे शेत नाही आणि ज्याला कोणी बोलावणारे नाही, त्याच्यासाठी असे पदार्थ शोधून करणारे पॉप-अप ही खरी सोय आहे.

आता उणीव. सोलापूरचे जेवण भाकरीच्या आधाराने उभे आहे. कडक भाकरी चुरून आमटीत घालावी, ती थोडी मुरू द्यावी आणि मग खावी, यात आमटीची चव पुरी होते. पॉप-अपमध्ये ती आमटी चहाच्या पेल्याएवढ्या वाटीत नुसती प्यायला दिली होती. फोडणी उत्तम होती, पण आधारावाचून ती नुसती जळजळीत लागली. हुरड्याचीही तीच गत झाली. आगटीत भाजलेले कणीस हातावर चोळून गरम असतानाच खायचे असते. वाटीत निवून आलेला हुरडा कितीही सजवला तरी चिवट लागतो. इथे खानावळीचे म्हणा किंवा शेताचे म्हणा, पारडे निःसंशय जड आहे.

पोट भरण्याबाबत खानावळीत चिंता नसते. पॉप-अपमध्ये मात्र शाकाहारी यादी आधी मागवून नीट वाचावी. आठांपैकी चार बशा पनीर, बटाटा आणि चीज यांवरच उभ्या असतील, तर ते जेवण सोलापुरातले म्हणून खाण्यात अर्थ नाही. वांगी, घेवडा, कारळे, जवस आणि मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी यांतले काही यादीत दिसले, तर स्वयंपाक करणाऱ्याला हा मुलूख ठाऊक आहे असे समजावे.

खर्च पॉप-अपचा बराच अधिक असतो आणि पैसे बहुधा आगाऊ भरावे लागतात, म्हणून न आल्यास रक्कम परत मिळते का हे आधीच विचारावे. स्वयंपाकघर तात्पुरते असल्याने बिलावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक आहे का हेही पाहावे. कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर दोन्ही ठिकाणी स्पष्ट बोलावे, कारण आपल्याकडे दाण्याचा कूट कोणत्या भाजीत नाही हेच सांगणे अवघड आहे. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांना, पूर्वसूचना दिल्यास, पॉप-अप अधिक सोयीचे पडते.

वेळेचा हिशेबही वेगळा आहे. खानावळीत अर्ध्या तासात जेवण उरकते, तर छोट्या बशांना दोन-अडीच तास लागतात. वयस्कर आई-वडील किंवा भुकेली मुले बरोबर असतील, तर गच्चीवरच्या त्या वाट पाहण्याचा त्यांना त्रास होतो. आमच्यातील काकूंना तिसऱ्या बशीनंतरच भाकरीची आठवण येऊ लागली होती. एप्रिल-मेमध्ये तर सोलापूरची गच्ची रात्रीही तापलेली असते, तेव्हा मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे दिवस निवडावेत.

बाहेरगावचा पाहुणा एकाच रात्रीसाठी आला असेल, तर मी त्याला बिनदिक्कत खानावळीत नेईन. दोन रात्री असतील, तर पहिली खानावळीला आणि दुसरी पॉप-अपला द्यावी, हा क्रम उलटू नये. आदल्या रात्री ज्याने भाकरी मोडून आमटीत बुडवली आहे, त्यालाच दुसऱ्या रात्री त्या दोन बोटांएवढ्या तुकड्यावर काय ठेवले आहे ते कळेल.